सोनियाला उचलायची रीत

तात्यासाहेब पिशोरहून दुपारच्या एसटीनं आले, पण सारजाबाईनं त्यांना चहा विचारला नाही. नुसता पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. चुलतसासरा, त्यात भावकीतला मोठा माणूस. त्यांच्या एका शब्दावर सोयरिकी जुळायच्या न्‌ फिसकटायच्या. डोक्यावरचा पदर तिनं ढळू दिला नाही, पण त्या पदराखाली नुसती आग होती.

मुकुंदवाडीतलं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. पुढच्या खोलीत खाट, खाटेवर सोनिया. सोळा वर्षांची पोर. मान धरत नाही, बसत नाही, बोलत नाही. भुकेचा एक आवाज, दुखण्याचा दुसरा, बाकी भाषा नाही. खायला घालायचं ते मिक्सरमधून पातळ करून, मान हातात धरून, चमच्या चमच्यानं. एका जेवणाला तास जायचा. ह्याचं सारजाबाईला कधी ओझं वाटलं नाही. पण पोर अडतीस किलोची झाली, अन्‌ औंदा संक्रांतीच्या तोंडावर मोरीतून तिला उचलताना सारजाबाईच्या कमरेत कडकन वाजलं. दोघी फरशीवर. सोनियाचा पुढचा दात गेला. डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो बघून सांगितलं, मणका सरकलाय, आता उचलणं बंद.

"मग उचलायचं कुणी?"

"ते तुम्ही घरी ठरवा," म्हणाला न्‌ पुढच्या पेशंटाला हाक मारली.

संस्था तिनं त्याच्या कितीतरी आधीपासून कमी पालथ्या घातल्या नव्हत्या. जिथं जावं तिथं एकच तऱ्हा. पोरगी हातानं जेवती का? संडासला सांगती का? तिसऱ्या ठिकाणी तिचं डोकं फिरलं. "जेवली असती न्‌ सांगितलं असतं तर तुमच्या दारात कशाला मरायला आले असते?" असं साहेबाच्या टेबलावर हात आपटून म्हणाली न्‌ बाहेर पडली. शेवटी दौलताबादच्या अलीकडं एक संस्था सापडली, असल्याच लेकरांना घेणारी. दोन वर्षांनी नंबर लागला. आज संध्याकाळी पाचच्या आत कागद पोचला तर जागा सोनियाची, नाहीतर पुढच्या नावाची. कागदावर आईची सही होती. बापाची नव्हती.

बाप, म्हणजे फकिरा. वाळूजला कंपनीत वॉचमन. रात्री कुणालाबी हटकायचा, पण तात्यांपुढं ह्याची जीभ टाळ्याला चिकटायची. तात्यांनी फोनवर सांगितलं होतं, मी येईस्तोवर सही करायची नाय. अन्‌ हा थांबला होता.

तात्यांनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून खाटेवर ठेवला. दर खेपेला ठेवायचे. सोनियाला बिस्कीट चावता येत नाही हे सोळा वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही.

"रक्ताचं माणूस असं टाकून द्यायचं?" तात्या बोलायला लागले. "आपल्या घराण्यात असलं झालं नाय. त्यात पोरीची जात. तिथं कोण कसा, काय भरवसा?"

"भरवसा बघूनच आले," सारजाबाई म्हणाली. "चारदा गेले, न सांगता. गाद्या हुंगल्या. पोरींच्या खोलीत रात्री कोण झोपतं, कडी कुण्या बाजूनं हाय, समदं बघितलं. तुमी कधी इचारलं का तात्या, पोरगी इथं कशी झोपती?"

"फकिरा, तुझ्या बायकोचं तोंड लई सुटलंय."

फकिरा पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला.

"अन्‌ आमी काय मेलोत का?" तात्यांचा आवाज चढला. "गावाकडं आणा तिला. भावकीची चार घरं हायेत. आळीपाळीनं बघू."

सारजाबाई हसली. ते हसू बघून फकिरानं पाय आखडून घेतले.

"बरं," ती म्हणाली. "शेजाऱ्याची ओमनी दारात उभी हाय. पिशोरला न्या, माझी ना नाय. तेवढं पोरीला उचलून तुमी गाडीत ठेवा. माझी कंबर गेलीया."

तात्या उठले. बाह्या मागं सारल्या. साठी उलटली तरी मक्याचं पोतं पाठीवर घेणारा गडी. त्यांनी सोनियाच्या काखेत हात घातले न्‌ पोतं ओढावं तसं वर ओढलं.

पोरगी लाकडासारखी ताठ झाली. पाय कात्रीसारखे एकात एक अडकले, मान मागं गेली, अन्‌ अशी किंकाळी फुटली की गाडीवाला आत डोकावला. पुडा खाली पडला न्‌ तात्यांच्याच पायाखाली चुरा झाला. पोर हातातून निसटायला लागली.

"तसं नाय, तात्या!" फकिरा झेपावला. "गुडघे! आधी गुडघे दुमडायचे असत्यात!"

त्यानं सोनियाला खाली टेकवलं. गुडघे पोटाशी दुमडले, खांदे पुढं घेतले, तिची मान आपल्या डाव्या खांद्यावर टेकवली न्‌ मग उठला. पोरगी हळूहळू सैल पडली. तिची लाळ त्याच्या सदऱ्यावर उतरली.

तात्या आपल्या हातांकडं बघत उभे.

"सोळा वर्षांत पहिल्यांदा हात लावला तिला तुमी," सारजाबाई म्हणाली. "पहिल्यांदा! बारशाला आले न्‌ बघून गेले, तवापासून नुसता पुडा. आळीपाळीनं बघत्यात म्हणं!" मग ती नवऱ्याकडं वळली. "अन्‌ तुमी. तुमाला समदं येतं. तरी मूग गिळून बसले. उद्या आपण दोघं नसलो तर तिला कोण उचलील? ह्ये तात्या?"

फकिरानं पोरीला गाडीत ठेवलं. मग म्हणाला, "कागद आण."

बॉनेटवर कागद ठेवून त्यानं सही केली. वाकडी आली, पण आली. तात्या एसटी स्टँडकडं चालत निघाले. सारजाबाईनं त्यांना थांबा म्हटलं नाही.

संस्थेत पोचले तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. आवडाबाई नावाची एक आडव्या हाडाची बाई बाहेर आली. सारजाबाईच्या ओठावर शब्द तयारच होते. ही चुकणार, काखेत हात घालणार, अन्‌ मी हिला फाडून खाणार. खरं सांगायचं तर ती चुकावी असंच तिला वाटत होतं.

आवडाबाईनं गाडीचं दार सरकवलं, एका हातानं सोनियाचे गुडघे दुमडले, मान खांद्यावर घेतली न्‌ आत चालायला लागली. सोनिया हूं की चूं करेना.

सारजाबाई मागून ओरडली, "चमचा स्टीलचा नको! दाताला लागतो!"

"प्लास्टिकचाच हाय, बाई. आजून सांगा."

तिनं अजून सांगितलं. पाणी कसं पाजायचं, फिट आली तर कुण्या कुशीवर वळवायचं. दुखण्याचा आवाज स्वतःच्या तोंडानं काढून दाखवला. आवडाबाईनं समदं ऐकून घेतलं न्‌ वर म्हणाली, "पंधरा दिवस आईबापांनी यायचं नाय. रोज आलात तर ती माझ्या हातानं जेवायची नाय."

"हा कुठला कायदा?" सारजाबाई कडाडली. पण खुर्चीवर बसून तिनं त्या अटीच्या कागदावरही सही केली.

परत येताना पडेगावापाशी फोन वाजला. तात्या. फकिरानं तो तिच्या हातात दिला.

"पोचली का पोरगी?" आवाज खाली आलेला.

"पोचली. आमाला पंधरा दिवस बंदी हाय," सारजाबाई म्हणाली. "चुलतआज्याला नाय, इचारून आले. उद्या सकाळची एसटी धरा. पुडा आणू नका, केळं न्या, कुस्करून भरवा."

"केळं. कुस्करून," तात्या पलीकडं पुटपुटले.

"अन्‌ उचलायची येळ आली तर आधी गुडघे दुमडा," ती म्हणाली न्‌ फोन कट केला.