अडुसष्ट किलोचा वैमानिक

माझ्या मेहुण्यानं मोर्शीजवळच्या आपल्या बागेत, संत्री भरायच्या शेडमध्ये, एका माणसापुरतं विमान बांधायला घेतलं तेव्हा मी हसलो होतो. चौथ्या वर्षी पंख झाले, शेपटी झाली, सांगाड्यावर कापड ताणून बगळ्यासारखा पांढरा रंगही झाला. तोवर हसणं सोडून मी वजनाची वही सांभाळू लागलो होतो. उडवणं त्याचं काम. तो रीतसर शिकून आला होता. परवानगी हाती येईपर्यंत चाक जमिनीवरून उचलायचं नाही, हे दोघांचंही पक्कं होतं.

आता इंजिन तेवढं उरलं होतं. विमानाचं तयार इंजिन आवाक्याबाहेरचं. म्हणून मोडीत निघालेल्या गाडीचं घ्यायचं आणि दातेरी पट्ट्यानं फेरे निम्मे करून त्यावर पंखा फिरवायचा, असं ठरलं. एका शनिवारी तो छोटा टेम्पो घेऊन अमरावतीला आला, मला घेतलं, वाटेत दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि आम्ही अकोल्याला जुन्या गाड्यांच्या सामानवाल्याकडे पोचलो.

तिथं दोन इंजिनं समोर होती, एक तीन सिलिंडरचं आणि एक चार. मेहुण्याचा हात थेट चारवर.

"भाऊजी, दम पाह्यजे ना. तीन सिलिंडरनं काय बगळा उडते का?"

"आधी वजन."

सामानवाला म्हणाला, लहान साठ, मोठं ऐंशी. मी ऐकीव आकडा वहीत घेत नाही. शेजारच्या धान्याच्या आडतीत हमालांना विनंती केली आणि दोन्ही इंजिनं काट्यावर चढवली. लहान चौसष्ट भरलं, मोठं त्र्याऐंशी. दोन्हींना रेडिएटर आणि पाणी सात, पट्टा-पुल्या आठ, पंखा तीन. म्हणजे ब्याऐंशी आणि एकशे एक.

आराखड्यात लिहिलं होतं, सगळं मिळून तीनशे वीस किलोच्या वर पंखांचा भरवसा नाही. सांगाडा एकशे अठ्ठेचाळीस, पेट्रोल अठरा, वैमानिक अडुसष्ट. इंजिनाला उरले शहाऐंशी.

"मोठं पंधरा किलोनं जास्त होतं. लहान घेतलं तर चार किलो शिल्लक."

"पंधरा किलोनं काय होते? तुमी त वहीच घेऊन बसता."

तेवढ्यात एक हमाल पाठ पुसत म्हणाला, "इंजिन झालं, आता डायवरले चढवा की."

सगळे हसले. मेहुणाही हसत काट्यावर उभा राहिला. एकोणऐंशी.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वही हाती घेतल्यापासून मी एकेक बोल्ट बायकोच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला होता. हा एकच आकडा त्याच्या तोंडून ऐकून लिहिलेला.

"हे अडुसष्ट कधीचं रे?"

"लग्नातलं."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"तुमाले माहीत नाही का? तुमीच त पंगतीत जिलबी वाढून राहिले होते."

म्हणजे लहान इंजिन घेऊनही आम्ही सात किलोनं वर. मेहुणा तुरीच्या पोत्यावर बसला. त्याची चार वर्षं त्या शेडमध्ये उभी होती. मी ओळीओळीनं वही तपासली. पेट्रोल कमी करून हिशोब जुळवणं मला पटेना. स्टार्टर काढावा तर हातानं पंखा फिरवावा लागेल, तो धोका नको. पाना न लावता कमी होईल अशी एकच बाब यादीत होती.

"लहान इंजिन घे," मी म्हणालो, "आणि बहात्तर हो. बुटांसकट, हेल्मेटसकट."

"अन् नाही झालो त?"

"तर ते शेडमध्येच राहील."

आम्ही लहान घेतलं. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की खुर्ची धरून बसली. मग तिनं भावाला फोन लावला. "काहून रे, विमानाले एवढं बारीक केलं अन् तू मात्र बैलगाडीचा राहिला?"

त्यानंतर दर रविवारी तो संत्र्याच्या काट्यावर उभा राहून मला आकडा कळवायचा. मी फोटो मागायचो. पहिल्या महिन्यात दोन किलो उतरले, दुसऱ्यात अर्धा. त्यात शेजारचं बारसं आलं होतं. मग तो पहाटे बागेला चकरा मारू लागला.

ज्या रविवारी मी बायकोसोबत स्वतः जाऊन काटा पाहिला, त्याच दिवशी बसवलेलं इंजिन पहिल्यांदा चालवायचं ठरलं. शेपटी लिंबाच्या झाडाला बांधली. तो आत बसला, मी चाकांपुढं लावलेले दगड तपासून लांब झालो. इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा धरलं. पंख्याच्या वाऱ्यानं रिकामी क्रेटं कुंपणापर्यंत गेली, बायकोनं पदर धरला, आणि लिंबाला बांधलेलं ते विमान जागच्या जागी थरथरत पुढं ओढ घेऊ लागलं. तीन सिलिंडरना दम पुरेसा होता.

तो उतरला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "भाऊजी, आता एक कचोरी?"

मी वही उघडली. हेल्मेट-बुटांसकट एकाहत्तर किलो सहाशे.

"दोन खा," मी म्हणालो. "बसतात."