लाल दोरी आणि निपाणीची बिडी

कल्लाप्पाचं आपल्या साडूशी कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. निदान मनातली मळमळ एकदाची बाहेर पडली असती.

कल्लाप्पा वडगावच्या विणकराचा मुलगा. बापाचा माग सोडून तो रेडिओ दुरुस्तीत शिरला आणि गल्लीत टीव्ही आले तसा त्यांतही हात घालू लागला. हिंडलग्याच्या नागोजींची थोरली मुलगी मालुबाई त्याची बायको. धाकटी सोनुबाई निपाणीला दिलेली, तंबाखूच्या वखारीत कामाला असलेल्या कृष्णातला. थोरला जावई म्हणून पहिला मान कल्लाप्पाचा. पण हिंडलग्याच्या यात्रेच्या जेवणाला पंगत बसली की नागोजी आपल्या शेजारच्या पाटावर थाप मारून म्हणत, "कृष्णात, हिकडं बसा."

कारण काय, तर कृष्णात येताना सासऱ्याला निपाणीच्या बिड्यांचे कट्टे आणायचा आणि ओसरीवर मांडी घालून त्यांच्याबरोबर ओढायचा. कल्लाप्पाला बिडीचा वासही सोसत नसे. सासऱ्याचा रेडिओ तो दर वर्षी फुकट दुरुस्त करून द्यायचा, तर नागोजी त्याच रेडिओला टेकून कृष्णातचं कौतुक सांगत बसायचे.

कृष्णात माणूस वाईट असता तरी काही आधार होता. तोही नाही. आल्या आल्या "अण्णा, बरं हाय न्हवं?" म्हणत तो कल्लाप्पाच्या गळ्यातच पडायचा. ह्या चढाओढीची त्याला गंधवार्ताही नव्हती. कल्लाप्पा एकटाच जळायचा, आणि ज्याच्यावर जळतो त्याला साधी धगही लागत नाही म्हणून आणखी जळायचा.

सत्त्याऐंशी साली कुठल्याशा कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं भंगार बाजारात आलं. त्यात कल्लाप्पाला एक काचेची नळी सापडली, वीतभराहून थोडी लांब, दोन्ही टोकांना इवलेसे आरसे बसवलेली. लेसरची नळी. यंत्र जळून गेलेलं, पण नळी शाबूत होती. हिंडलग्यात असलं काही कुणी बापजन्मी पाहिलेलं नाही, हा विचार मनात आला आणि त्याची भूकच मेली.

टिळकवाडीतल्या एका ओळखीच्या मास्तरांकडून त्यानं पुस्तक आणलं. निकामी टीव्हीतला जबर दाबाची वीज काढणारा ट्रान्सफॉर्मर उपसून स्कूटरच्या बॅटरीला जोडला. कितीतरी रेझिस्टर जळाले. एकदा असा झटका बसला की हात दुपारपर्यंत लटपटत होता.

"कशापायी जिवाशी खेळ चाललाय?" मालुबाईनं विचारलं.

"यात्रंला दाखवायचंय."

ती काय समजायचं ते समजली आणि भाकऱ्या थापायला गेली.

शेवटी नळी पेटली. प्लॅस्टिकच्या पाइपात ती घट्ट बसवली, बॅटरीची पिशवी खांद्याला अडकवली, की यंत्र हातात धरून फिरता येई. भिंतीवर लालभडक ठिपका पडला. कल्लाप्पा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिला, पण डोळ्यांपुढं होता तो सासऱ्याच्या शेजारचा पाट.

यात्रेच्या दिवशी त्यानं भरदुपारी माजघराची दारं लावायला लावली. सगळं घर आत गोळा झालं. "कुणी समोरनं नळीत डोळं घालू नगा," असं बजावून त्यानं बटण दाबलं. पलीकडच्या भिंतीवर ठिपका उमटला.

बायका वाट बघत राहिल्या. आणखी काहीच झालं नाही.

"टिकलीएवढंच हाय की गं," सोनुबाई बहिणीच्या कानात म्हणाली.

नागोजी पुढं वाकले. "कल्लाप्पा, ही रातच्याला न्यायची बॅटरीच की वो. आमच्या बॅटरीचा उजेड हिच्यापरास मोठा पडतोय."

"मामा, ह्यो उजेड पसरत न्हाय. कितीबी लांब गेला तरी सरळच्या सरळ जातोय."

"आसंल, आसंल," नागोजी म्हणाले आणि दाराकडे बघू लागले. बाहेर मटणाचा वास सुटला होता. कल्लाप्पाला तिथंच जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

कृष्णात खांबाला टेकून बिडी ओढत उभा होता. साडूची फजिती त्याला बघवली नाही, म्हणून त्यानं तोंड फिरवलं आणि धूर सोडला. तो धूर नेमका नळीसमोर गेला. त्याबरोबर नळीपासून भिंतीपर्यंत लाल दोरी ताणली गेली, मागावरच्या धाग्यासारखी.

धूर विरला तशी दोरी गेली.

"कृष्णात," नागोजी हळूच म्हणाले, "आणि एकदा सोडा बघू."

त्यानं सोडला. दोरी पुन्हा आली. पोरं नाचू लागली, बायका हात घालून बघू लागल्या. नागोजींनी स्वतःच्या हातानं दुसरी बिडी पेटवून त्याला दिली. यंत्र धरून कल्लाप्पाचा हात भरून आला, पण त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. जेवायला बसताना पाटावर थाप पडली, ती कृष्णातसाठीच. "काय पर करामत केलीसा," नागोजी म्हणाले.

घरी त्यानं ऊद घालून पाहिला. दोरी झकास दिसली. पण पुढच्या वर्षी तो उदाची वाटी घेऊन हिंडलग्याला गेला, तेव्हा नागोजींनी ती बाजूला सारली. "त्येला निपाणीचीच बिडी लागती. कृष्णात येऊ दे, मग बघू."

दुपार कलली तरी निपाणीकरांचा पत्ता नव्हता. माजघरात पोरं दारं लावून बसली होती. जो माणूस ह्या घरात कधी येऊच नये असं कल्लाप्पाला सोनुबाईच्या लग्नापासून वाटत आलं होतं, त्याच्यासाठी तो गावाबाहेर बसथांब्यावर जाऊन उभा राहिला. एक बस आली, गेली. दुसरी आली. सोनुबाई उतरली, मागून पिशवी सावरत कृष्णात.

"अण्णा, बरं हाय न्हवं?" म्हणत तो गळ्यात पडला.

कल्लाप्पानं त्याच्या हातातली पिशवी घेतली.

"लई उशीर केलासा," तो म्हणाला. "बिड्या आणल्यासा न्हवं?"