हेडफोन काढा, म्हणाली मायकेन

मायकेनला सुरक्षा प्रतिनिधी म्हणून कोणी निवडलं असं विचाराल, तर कोणीच नाही. युनियनच्या सभेत ते पद कोणालाच नको होतं. बाकीच्या कॉफी संपवून सटकल्या आणि ही बाई दालचिनीच्या पावाचा दुसरा तुकडा खात बसली. पडलं गळ्यात. आम्हाला वाटलं, वर्षातून एकदा आगीच्या दाराकडे बघून येईल आणि सही करेल, आणखी काय असतं त्यात.

इकडे उत्तरेत, एस्टरसुंद गावात तळ्याकाठच्या इमारतीत आमचं ऑफिस. डायलिसिसला जाणारे, पाय मोडलेले, डोळ्यांचं ऑपरेशन झालेले, जिल्ह्यातले सगळे आजारी गाडीसाठी आम्हालाच फोन करत. दिवसभर कानाला हेडफोन, समोर स्क्रीन. फोन आणि हेडफोन यांच्यामध्ये एक छोटी डबी असायची, एकदम मोठा आवाज आला तर ती तो दाबून टाकायची. त्या हिवाळ्यात आमचा मॅनेजर सिक्स्टेन यानं नवे, स्वस्तातले हेडफोन आणले आणि डब्या त्यांना बसेनात.

"आता ते सगळं आतच असतं," सिक्स्टेन म्हणाला.

"कुठे लिहिलंय तसं?" मायकेननं विचारलं.

"विकणारा म्हणाला."

विकणारा काय, काहीही म्हणेल. पण आम्ही माना डोलावल्या.

तेव्हा दवाखान्यांतून अजून फॅक्स चालायचे. तिथल्या बायका घाईत फॅक्स आमच्या बोलण्याच्या नंबरावर लावायच्या. फोन घेतला की थेट कानात किंकाळी, सुई खुपसल्यासारखी. आणि आम्ही काय केलं? काही नाही. माझा कान दुखला तेव्हा मला वाटलं, वय झालं. शेजारच्या ग्रेताला वाटलं, सर्दी झालीय. एकमेकींना विचारायची आमच्यात पद्धतच नाही. तक्रार करणारी बाई म्हणजे आगाऊ, हे आम्हाला पाळण्यातच शिकवतात. निव्वळ मूर्खपणा. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

एके दिवशी मी आणि मायकेन जेवायला बाहेर जायचं म्हणून कोट घ्यायला गेलो, तर कोटांच्या खाली एल्वी बसलेली. लाकडाची गिरणी बंद पडल्यावर ती आमच्याकडे बदली कामगार म्हणून आली होती. दोन पोरी, नवरा नाही. डावा कान तळहातानं दाबून धरला होता.

"शिट्टी वाजतेय," ती म्हणाली. "सोमवारपासून थांबतच नाही. कोणाला सांगू नका गं. वसंतात मला कायम करणार आहेत."

मायकेननं तिला उठवलं, कोट घातला, बाहेर नेलं. मायकेनचा बाप जन्मभर करवतीवर होता, त्यात त्याचे कान गेले. घरात मीठसुद्धा ओरडून मागावं लागायचं, हे ती एरवी हसत हसत सांगायची. त्या दिवशी नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. "हेडफोन काढा. सगळ्यांनी. हे काम मी थांबवतेय."

आमच्याकडे तसा कायदा आहे. सुरक्षा प्रतिनिधीला धोका दिसला तर ती काम थांबवू शकते, आणि सरकारी इन्स्पेक्टर येईपर्यंत मालकालासुद्धा ते सुरू करता येत नाही. कायदा सगळ्यांना ठाऊक होता, पण वापरणारं माणूस कोणी पाहिलं नव्हतं. सिक्स्टेन धावतच आला.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का? डायलिसिसची माणसं दारात उभी आहेत, बाहेर काय थंडी आहे. त्यांना मी काय सांगू?"

"फोन बंद नाहीत. हेडफोन बंद आहेत. कपाटात जुने हातातले फोन पडलेत ते काढ."

"एका हातात फोन धरून टाइप कसं करणार? निम्मं काम होईल."

"मग तूही बस की एक घेऊन. तेवढाच हात वाढेल."

ग्रेता फिसकन हसली आणि लगेच स्क्रीनकडे बघायला लागली.

"हेडफोनमध्ये काही बिघाड नाही," सिक्स्टेन म्हणाला.

"मग घाल ना कानाला. बंदी आमच्या कानांवर आहे, तुझ्या नाही. घे एक फोन."

त्यानं रागानं ग्रेताचा हेडफोन घातला आणि खुर्चीत बसला. घंटी वाजली. आम्ही सगळ्या बघत होतो. त्याचा हात माउसवर गेला आणि बटण दाबायच्या आत त्यानं हेडफोन कानावरून हळूच मागे सरकवला.

"मला मीटिंग आहे," असं म्हणून तो गेला.

मग आम्ही खांद्यात फोन धरून काम केलं. माना अवघडल्या, लोक ताटकळले, आम्हाला शिव्या बसल्या.

"बाई, तुझ्या तत्त्वापायी माझी मान गेली," कॉफीच्या वेळी ग्रेता म्हणाली.

"मान शेकता येते," मायकेन म्हणाली. "कान शेकता येतो का?"

इन्स्पेक्टर बाई आल्या त्या खाली दक्षिणेतल्या. बोलायला गोड, पण कामाला चोख. सिक्स्टेननं त्यांना पहिल्याच वाक्यात सांगितलं की आजवर एकीचीही तक्रार नाही. त्यांनी मायकेनला विचारलं, कोणाला इजा झालीय?

"ते मी नाही सांगणार. जिचा कान आहे ती सांगेल, सांगायचं असेल तर."

"मग माझा नाइलाज आहे. डबी नाही एवढ्यावर मी मॅनेजरकडे खुलासा मागेन, पण तोवर बंदी उठवावी लागेल." त्या आमच्याकडे वळल्या. "कोणाला त्रास झालाय?"

मी म्हटलं, माझा कान दुखला होता. अजून दुखतो? नाही, आता बरा आहे. झालं, माझी साक्ष तिथंच संपली. बाकीच्या स्क्रीनकडे बघत बसल्या. मायकेन लाल झाली होती, पण एल्वीकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. ओठ चंबू करून श्वास आत ओढल्याचा, 'श्शुप'. इकडे उत्तरेत आम्ही 'हो' असंच म्हणतो.

"दम लागलाय का तुला?" इन्स्पेक्टर एल्वीला म्हणाल्या.

मायकेन सिक्स्टेनकडे वळली. "तू इथलाच आहेस. ती काय म्हणाली, सांग बाईंना."

सिक्स्टेननं आधी जमिनीकडे पाहिलं, मग एल्वीकडे. त्याची आईसुद्धा तसंच 'हो' म्हणते, मला माहीत आहे.

"हो म्हणाली," तो म्हणाला.

एल्वी उठली. "डावा कान. उशीत दाबून झोपते तरी वाजतो." मग सिक्स्टेनकडे बघून म्हणाली, "आता मला कायम करायचं की घरी बसवायचं, ते तू बघ."

बंदी राहिली. हेडफोन खोक्यांत भरून परत गेले आणि डबीसकट दुसरे आले. सिक्स्टेननं वसंतात एल्वीला कायम केलं. केलं नसतं तर मायकेननं त्याला सोडलं नसतं, हे त्यालाही कळत होतं.

शिट्टी मात्र गेली नाही. एल्वीनं मोठ्या दवाखान्यात कान दाखवला. संध्याकाळी तिनं आम्हाला सांगितलं, डॉक्टर म्हणाले उपाय नाही, हळूहळू सवय होईल.

"का म्हणून व्हायची सवय?" मायकेन म्हणाली, आणि रडायला लागली.