पिशवीनं धरलेली जागा

झड लागली, पाऊस दिवसच्या दिवस थांबेना, की आमच्याकडे वावरात कोणी जात नाही. पाय घोट्यापर्यंत रुततो, निंदण होत नाही, तोडलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर, बाजारात पोचेपर्यंत काळा पडतो. माझं वावर रिठदच्या फाट्याजवळ, वांगी-भेंडी-सांभाराचं. वर्षभर भाजीच्या मागं पळणाऱ्या माणसाला झड हीच काय ती सुट्टी. लग्न झालं तेव्हापासून आमचा एक रिवाज होता. झडीच्या दुसऱ्या दिवशी नवराबायकोनं वाशिमला जायचं आणि पिक्चर पाहायचा. कोणताही. बायकोला पिक्चरच्या नावाशी काही घेणंदेणं नव्हतं. "हिरो रडला म्हंजे पैसे वसूल," म्हणायची.

मागच्या पावसाळ्यात झड लागली तेव्हा ती साडी बदलून दारात उभी होती. भेंडीवर रोग पडलेला, माझं डोकं फिरलेलं. मी म्हटलं, "पुढच्या झडीले जाऊ. पिक्चर काय पळून राह्यला?"

ती पुन्हा साडी बदलून चुलीपाशी बसली. त्या वर्षी पुन्हा झड लागलीच नाही, आणि थंडीत चार दिवसांच्या तापात ती गेली. पिक्चर कुठं पळाला नाही, तीच गेली.

यंदा पुन्हा झड लागली. पोरगा कामासाठी पुण्याकडे, घरात मी आणि गळकं छत. दुसऱ्या दिवशी मी उठलो, छत्री घेतली आणि खुंटीवरची तिची निळी वायरची पिशवी घेतली. आपण शब्द दिला होता ना, मग बस्स! पुढची झड म्हणजे हीच.

पिशवीचं सांगायला पाहिजे. यष्टी दिसली की बायको चपला हातात घेऊन धावायची आणि खिडकीतून पिशवी आत फेकायची. झाली जागा आपली! आमच्याकडे सगळेच हे करतात. कोणी रुमाल टाकतं, कोणी दुपट्टा, एकदा एका पठ्ठ्यानं चप्पल टाकलेली मी या डोळ्यांनी पाहिली. पडली वस्तू की जागा तिची, कंडक्टरसुद्धा त्यात पडत नाही. बायकोचं चुकायचं ते एवढंच, की हा कायदा ती टॉकीजमध्येही चालवायची. मी चहा घेऊन येईपर्यंत शेजारच्या खुर्चीवर पिशवी. खुर्चीला नंबर असतो, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. एकदा त्या नंबराचा माणूस आला, तणतणला, आणि मी चारचौघांत तिच्यावरच ओरडलो, "हे काय यष्टी आहे काय वं? अडाणी कुठली!"

तिनं पिशवी मांडीवर घेतली. पिक्चरभर ती मांडीवरच होती. त्या दिवशी हिरो धाय मोकलून रडला, तरी तिच्या डोळ्यात टिपूस नव्हतं.

वाशिमला उतरलो तर टॉकीजच्या गेटला कुलूप. आत सोयाबीनची पोती. समोरचा पानठेलेवाला म्हणाला, "काका, हे बंद होऊन साल झालं. कलाभवनात जा, आज फुकटचा पिक्चर आहे. खुर्च्याले नंबर-फिंबर काई नाई."

नंबर नाही! मला हसू आलं, आणि मग तिथंच पानठेल्यावर छत्रीआड डोळे पुसले. तो बिचारा सुपारी कातरता कातरता थांबला.

कलाभवनात मी पहिलाच. पंख्याखालच्या दोन खुर्च्या पाहिल्या, तिला गरम फार व्हायचं. एकीवर बसलो आणि दुसरीवर पिशवी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यासाठी जागा धरली. लाज नाही वाटली. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

पण पाऊस वाढला तशी माणसं आत शिरू लागली. कॉलेजची पोरं, बाजारातल्या बाया, ज्याला आडोसा पाहिजे तो. हॉल भरला. माझ्याच वयाची एक बाई पदर पिळत जवळ आली. "भाऊ, इथं कोनी आहे काय?"

"व्हय," मी म्हटलं. "आमची मंडळी येऊन राह्यली."

"येऊ द्या, येऊ द्या," म्हणत ती भिंतीला टेकून उभी राहिली.

दिवे गेले, पिक्चर सुरू झाला. डोंगरातली एक म्हातारी हरवलेली बकरी शोधत होती, एवढंच मला समजलं. माझं लक्ष भिंतीकडे. ती बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. माझ्या बायकोची हीच तऱ्हा. धावून-पळून दोन जागा धरायची, आणि मग कोणी लेकरवाली दिसली की आपली जागा तिला देऊन वाशिमपर्यंत उभी. मी बसल्या जागेवरून गुरगुरायचो, "द्यायचीच होती तर धरली कायले?"

"धरली म्हनून तं देता आली," ती म्हणायची.

मी पिशवी उचलून मांडीवर घेतली. "या बाई, बसा."

"आन् तुमची मंडळी?"

"बसा तुमी."

पिक्चर संपला. म्हातारीला बकरी सापडली की नाही, कोण जाणे. बाईनं आपल्या गाठोड्यातून उकडलेल्या शेंगा काढल्या आणि दोन मुठी माझ्या पिशवीत टाकल्या. "पान्यानं अडकल्या असतीन बिचाऱ्या. त्यायले द्या. म्हना, तुमच्या जागेवर बसली होती एक बाई, रागाऊ नका."

सांगायला पाहिजे होतं मी. तोंडापर्यंत आलंही होतं. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्याबद्दल ती जिवंत असल्यासारखं बोललं होतं, आणि मला ते मोडवलं नाही. "सांगतो," म्हटलं.

संध्याकाळच्या यष्टीनं फाट्यावर उतरलो. घराचं कुलूप काढलं, भिजलेले पाय पुसले, शेंगा ताटलीत ओतल्या. निरोप घेतला होता, द्यायला तर पाहिजे.

"तुह्या जागेवर एक बाई बसली होती," मी चुलीकडे पाहून म्हणालो. "रागाऊ नको म्हने."

शेंगा गार झाल्या होत्या. एक सोलली आणि दाणे चुलीच्या कडेला ठेवले.

"आन् अडाणी मी होतो वं," मी म्हटलं. "तू नाई."