बारा दोनशेपट्या

माझ्या ताईने तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या आणि निवृत्त झाल्यावर नदी हातात घेतली. दर रविवारी सकाळी ती येईल त्याला काठावर गोळा करते. गळ कसा टाकायचा, मासा ओल्या हाताने कसा धरायचा, परत कसा सोडायचा, हे आधी. मग सगळ्यांनी गुडघाभर पाण्यात उतरायचं, दगड उलटायचे आणि खाली कोण राहतं ते पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन बघायचं. मी धाकटा. टेबलाशी बसून नावं लिहून घेतो, गुंतलेल्या दोऱ्या सोडवतो आणि कोणी न विचारता सल्ले देतो.

ताईचे नियम दोन. जे सापडेल ते ज्याला सापडलं त्यानेच आपल्या हाताने तक्त्यात लिहायचं. आणि जो जीव जिथून काढला, तिथेच परत सोडायचा; त्यासाठी तक्त्यात "जिवंत परत" असा रकानाच आहे. एकदा एका वकीलसाहेबांनी गोगलगाय खिशात घातली, तर तिने त्यांना चारचौघांत खिसा उलटा करायला लावला होता.

नदीची तब्येत ती या किड्यांवरून सांगते. दगडाला चिकटून राहणारा एक चपटा किडा असतो, मागे दोन बारीक शेपट्या. आम्ही त्याला दोनशेपटी म्हणतो. त्याला स्वच्छ, वाहतं पाणीच लागतं. लाल अळ्या मात्र घाणीतही सुखाने नांदतात. आठ महिन्यांपूर्वी वरच्या वळणावर कपडे धुण्याचा कारखाना आला आणि आमच्या घाटावरच्या दोनशेपट्या दिसेनाशा झाल्या. ट्रे भरून नुसत्या लाल अळ्या. ताईने पाणी खात्याकडे तक्रार केली, सोबत सगळे तक्ते जोडले. पत्रावर पत्रं लिहिली. कारखान्याच्या नळाचं पाणी एकदा तपासा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

इकडे माणसं कंटाळायला लागली. एका रविवारी एक बाई ट्रेकडे बघून नाक मुरडत म्हणाल्या, "या अळ्या बघायला सुट्टीच्या दिवशी पहाटे उठलो होय आम्ही?" सगळे हसले. ताईसुद्धा हसली. मला मात्र ते फार लागलं. आपल्या घरी पाहुणे यावेत आणि डबे रिकामे निघावेत, तसं झालं.

पुढच्या रविवारी उजाडताच मी सायकल काढली, कारखान्याच्याही वर, धबधब्यापाशी गेलो, बारा दोनशेपट्या बरणीत धरल्या आणि आमच्या घाटावरच्या दगडांखाली सोडल्या. मोठा शहाणा मी! वाटलं, कोणाचं काय बिघडतंय, लोक खूश होतील.

लोक खूश झाले. "सापडली! सापडली!" असा नुसता गलका. सात जणांना सात सापडल्या. टोपी घातलेल्या एक शांत बाईही रांगेत होत्या. त्यांनी आपला किडा भिंगाखाली दोनदा बघितला, तक्त्यात लिहिला आणि मग ओळख सांगितली. पाणी खात्याच्या अधिकारी. तक्रार खरी की खोटी, ते न कळवता बघायला आल्या होत्या.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण चाळीस माणसं उभी होती. ताई ट्रेवर वाकली, बराच वेळ वाकून राहिली. मग सरळ झाली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझीच चूक झाली म्हणायची. पाणी सुधारलंय. बाई, तुम्हाला उगाच त्रास दिला." आणि मी मान खाली घालून एक दोरी सोडवत राहिलो, जी गुंतलेलीच नव्हती.

दहा दिवसांनी पत्र आलं. तक्रारदारांच्याच तक्त्यात स्वच्छ पाण्यातले किडे आढळले, सबब तपासणीची गरज नाही. ताई जाऊन डोळे तपासून आली, नवा चष्मा घेतला. त्या रविवारी ट्रेमध्ये पुन्हा लाल अळ्याच. सगळे गेल्यावर तिने मला हाक मारली.

"अरे, तू बघ जरा. या चष्म्यातूनही मला दोनशेपटी दिसत नाहीये. माझं काही खरं नाही आता. हे सगळं बंद करावं म्हणते."

मला तिथेच पाण्यात बसावंसं वाटलं. म्हणालो, "ताई, तुझे डोळे चांगले आहेत. त्या मी आणल्या होत्या. धबधब्यावरून. बरणीतून."

ओरडेल, हातातला ट्रे फेकून मारेल, असं वाटलं होतं. मारला असता तर बरं झालं असतं. तिने चष्मा काढून पदराने पुसला.

"किती आणल्या होत्यास?"

"बारा."

"सात सापडल्या." ती पाण्याकडे बघत राहिली. "आणि त्या सातही मी परत इथेच, या घाणीत सोडायला लावल्या रे. एक तर माझ्या हाताने सोडली. हळूच सोडा म्हणून त्या खात्याच्या बाईंना शिकवलं मी."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "माझी कसली मागतोस? तक्ता घे. ज्याचं त्याने लिहायचं."

त्या कोऱ्या तक्त्यावर मी सगळं लिहिलं, तारखेसकट, खाली सही केली. एक प्रत खात्याकडे गेली. त्याला तीन महिने झाले, अजून उत्तर नाही. दुसरी प्रत ताईने फळ्यावर लावली, बाकीच्या तक्त्यांसारखीच. माझं टेबल त्याच फळ्याखाली आहे. नाव नोंदवायला आलेली माणसं रांगेत उभी राहून ती वाचतात, मग माझ्याकडे बघतात.

लिहिताना मी एक रकाना कोरा ठेवला होता, "जिवंत परत". ताईने कागद माझ्यापुढे सरकवला आणि बोट ठेवलं. शून्य मलाच काढावं लागलं.