न उलटवलेला दोर

नौदलाच्या बंदरातली आमची टग गेल्या महिन्यात सेवेतून निघाली. जुन्या सहकाऱ्याने फोनवर फोटो पाठवला. भंगारात निघालेल्या त्या बोटीच्या नाकावर टायर अजून लटकत होते. आयुष्यभर तिने मोठाल्या युद्धनौका ढकलत, ओढत धक्क्याला लावल्या. त्यातली अकरा वर्षं मी तिचा मास्टर, म्हणजे कप्तान होतो.

ओढायच्या दोराचं जहाजाकडचं टोक जास्त झिजतं. म्हणून ठरावीक फेऱ्यांनंतर अख्खा दोर काढून उलटा लावायचा आणि लॉगबुकात लिहायचं. चार माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. एकदा गडबडीत मी नोंद आधी केली. दोर उद्या उलटवू म्हटलं. ते राहूनच गेलं. आठवड्याभरात तो झिजलेल्या टोकाशी तुटला आणि मागे उसळून आमच्या एका खलाशाच्या गुडघ्यावर बसला.

चौकशीत लॉगबुक पाहिलं. नोंद चोख होती. मग दोष खलाशाचा ठरला: दोराच्या रेषेत निष्काळजीपणे उभा होता. मी गप्प बसलो. ती नोंद खोटी होती आणि तिच्याखाली सही माझी होती, हे आज लिहून ठेवतो.

फोटो आला त्याच आठवड्यात मी पुण्यातल्या कसब्यातून रिक्षा करून खडकीला गेलो. तो खलाशी आता तिथे मुलीच्या क्वार्टरमध्ये राहतो. मी सगळं सांगितलं.

"माहीत होतं, साहेब," तो म्हणाला. "दोर उलटवला की दोन दिवस माझी पाठ दुखायची. त्या आठवड्यात ठणठणीत होती."

"मग बोलला का नाहीत?"

"लॉगबुकापुढे माझ्या पाठीचं कोण ऐकणार?"

मुलगी चहा घेऊन आली. त्याने तिला बसवलं.

"मला सांगून काय उपयोग? हिला सांगा. मी एकटा कोपऱ्यापर्यंत निघालो तरी म्हणते, बाबा, एकदा निष्काळजीपणाने पाय घालवलात, तेवढं पुरे."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दोर कसा झिजतो, तिथपासून. ती माझ्याकडे न बघता ऐकत होती. चहा तसाच राहिला.

मी उठलो तशी त्याने काठी घेतली. "चला, तुम्हाला रिक्षात बसवून येतो."

मुलगी सवयीने अर्धवट उठली. मग पुन्हा खाली बसली.

"सावकाश या, बाबा," एवढंच म्हणाली.