दादाचा नंबर दुसऱ्या कंपनीत नेताना

माझ्या थोरल्या भावाने वयाच्या सहासष्टाव्या वर्षी रामकुंडावर दुसऱ्या एका तीर्थोपाध्यायाच्या तोंडावर ठोसा मारला, त्या क्षणी मी तीन पायऱ्या वर, छातीशी आमची वही कवटाळून उभी होते. ओठ फुटतो तेव्हा आवाज होतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्या गृहस्थांनी हाताला लागलेले पितळी ताम्हन उचलून सरळ दादाच्या कपाळावर हाणले. त्याची भुवई उकलली आणि रक्त खाली मांडलेल्या पिंडांवर ठिबकले. मी जागची हलले नाही. आयुष्यभर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात खालच्या आवाजात बोललेल्या बाईकडून दुसरे काय होणार, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालू शकले असते. पण ते खरे नाही. मी घाबरले होते.

भांडण एका कुटुंबावरून होते. सटाण्याकडचे ते शेतकरी पिढ्यान्पिढ्या आमचे यजमान. रीत अशी, की ज्या घराण्याच्या पूर्वजाने ज्या उपाध्यायाच्या वहीत सही केली, त्या घराण्याचे विधी त्याच उपाध्यायाने करायचे. पणजोबाचे अक्षर दाखवले, की माणूस सहसा दुसरीकडे जात नाही. निवृत्तीनंतर या वह्या सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्या सकाळी मात्र ते कुटुंब वडिलांच्या अस्थी घेऊन दुसऱ्याच्या पाटासमोर बसले होते.

“महाराज, पिंपळगावपासून फोन लावतोय,” त्या घरचा कर्ता मुलगा दादाला म्हणाला. “लागतच नाय. इथं येऊन बी लावला. अस्थी घेऊन किती येळ थांबायचं?”

“अरे, पण तुझ्या पणजोबाची सही आहे माझ्याकडे!”

“असंल की. पण चार वर्षांत तुमचा एक तरी फोन आला का आम्हाला? बाप सहा महिने खाटेवर होता. विचारलं कोणी?”

पाटावरचे गृहस्थ हसले. “गुरुजी, फोन चालत नसेल तर पाटी लावा, दुकान बंद आहे म्हणून.”

यजमानावर हात उचलता येत नाही. म्हणून तो ठोसा हसणाऱ्याला बसला.

फोन चालत नव्हता, हे खरेच होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उंच इमारती झाल्यापासून घरात रेंज येईना, आणि घाटावर बोलता बोलता आवाज तुटे. कंपनी बदलू या, नंबर तोच राहतो, असे मी वर्षभर दबक्या आवाजात सांगत होते. दादाला दोन्ही गोष्टी पटत नव्हत्या. तो नंबर छापलेली कार्डे शेकडो घरांतल्या देवघरांत, कपाटांत पडलेली होती. या बदलाबदलीत तो हरवला, तर आमच्यापर्यंत येण्याची वाटच पुसली जाईल, ही त्याची भीती. दुसरे कारण तो छातीवर हात ठेवून सांगे. “यजमान आपल्याला सात पिढ्या सोडत नाहीत, आणि मी एका टॉवरसाठी कंपनी सोडू? उद्या त्यांना वही कोणत्या तोंडानं दाखवू?”

भुवईला टाके पडल्यावर त्याने रिक्षा थेट द्वारका चौकाकडे, मोबाईल कंपनीच्या दुकानाकडे वळवली. “जुना ग्राहक आहे मी. तक्रार ऐकतील,” तो म्हणाला.

काउंटरवर एक तरतरीत मुलगी होती. दादाने नंबर सांगितला आणि म्हणाला, “मी किती वर्षांचा गिऱ्हाईक आहे, ते आधी बघा तुमच्या वहीत.”

तिने पडद्यावर पाहिले. “तीन वर्षं दिसतायत, सर.”

“तीन? अहो, वडिलांच्या वर्षश्राद्धाला घेतलेला नंबर आहे हा! तेव्हा माझे केस काळे होते.”

“तुमची आधीची कंपनी आमच्यात आली ना, सर. त्याच्या मागचं सिस्टिममध्ये काहीच नाही.”

दादाचा चेहरा मी पाहिला. ताम्हन लागले तेव्हाही तो असा झाला नव्हता. त्याने शेजारी उभ्या केलेल्या, सवलतींच्या जाहिरातीच्या फलकाकडे बोट केले. “हे सगळं मला का नाही?”

“ते नवीन ग्राहकांसाठी आहे.”

“आणि जुन्यांसाठी?”

ती खरोखरच विचारात पडली. “जुन्यांचे आम्ही आभार मानतो, सर.”

दादाने फलकाचा लोखंडी दांडा उपसला आणि काउंटरच्या काचेवर घातला. पहिल्या फटक्याला काच तडकली, दुसऱ्याला खाली आली, आणि तिच्यात गेलेल्या त्याच्या मुठीची कातडी सोलून निघाली. दारावरच्या रक्षकाने मागून त्याची मान पकडून त्याला भिंतीवर दाबले. “म्हाताऱ्या, हात मोडून हातात देईन!” टाके उसवले, दादाचा डोळा रक्ताने भरला, आणि त्याच्या घशातून घाटावर अस्थी सोडताना लोकांच्या घशातून निघतो तसा आवाज आला.

मग जे घडले ते मी केले, याबद्दल मला शंका नाही, कारण तोंडात खाकी कापडाची आणि घामाची चव होती. मी त्या रक्षकाच्या मनगटाला कडकडून चावले. तो किंचाळला तरी सोडले नाही. काउंटरवरची मुलगी “आजी, आजी!” म्हणत माझे खांदे ओढत होती.

पोलिसांत न जाण्याच्या अटीवर त्यांनी आमच्याकडून माफीपत्र लिहून घेतले. ते मीच लिहिले. भाषा निर्दोष होती. बाहेर पदपथावर दादा खाली बसला. चौकातले भोंगे आमच्या अंगावर येत होते.

“तू चावलीस?” त्याने विचारले.

“हो.”

“बदल कंपनी. पण नंबर गेला, तर मी घाटावर पाऊल ठेवणार नाही, सांगून ठेवतो.”

त्याच्या फोनवर तिथे रेंज भरपूर होती. नंबर हलवण्याचा संदेश मी टाइप करू लागले. पडदा रक्ताने बुळबुळीत झाल्यामुळे अक्षरे उमटेनात. पदराने पुसून पाठवला.

संध्याकाळी नव्या कंपनीच्या दुकानात अंगठा देऊन आलो. उजवा यंत्राने ओळखला नाही, डावा चालला. दुसऱ्या दिवशी गच्चीच्या ज्या एका कोपऱ्यात रेंज येते, तिथे दादाला जुन्या कंपनीचा फोन आला. त्याने तो मला ऐकू येईल असा धरला. एक गोड आवाज म्हणत होता, की आपण आमचे मोलाचे ग्राहक आहात, थांबलात तर आपल्याला हे देऊ, तेही देऊ. फलकावरचे सगळे त्यात होते, शिवाय थोडे अधिकच.

“हे काल का नाही दिलंत?” दादाने विचारले.

“काल आपण जात नव्हता ना, सर.”

दादाने फोन बंद केला आणि बांधलेली मूठ कठड्यावर आपटली. दोनदा, तीनदा. मी त्याचा हात धरला, तेव्हा पट्टी लाल झाली होती.

“त्या सटाणेकरांच्या पानावर,” तो दम खात म्हणाला, “गेल्या खेपेनंतर आपण काय लिहिलंय?”

“काही नाही. ते आले तेव्हाचंच आहे.”

“आणि त्याआधी?”

“त्याआधीही ते आले तेव्हाचंच.”

नंबर हलेपर्यंतचे दिवस तो जेमतेम जेवला. चौथ्या दिवशी जुने सिमकार्ड मेले. तासभर पडदा कोरा होता; त्या तासात त्याने माझ्यावर दोनदा हात उगारला आणि दोनदा खाली घेतला. मग नव्या कार्डावर रेंजच्या रेघा उभ्या राहिल्या. मी माझ्या फोनवरून रिंग दिली. त्याचा फोन वाजला. नंबर तोच होता.

पहिला फोन त्याने सटाण्याला लावला. मी वही उघडून बसले.

“बोला, महाराज,” पलीकडून आवाज आला. कोरडा, पण फोन उचलला होता.

यजमानाला आपणहून फोन करण्याची वेळ दादावर कधी आली नव्हती. अडखळत तो म्हणाला, “वडील... काय झालं होतं रे त्यांना?”

मग तो मुलगा सांगू लागला: आधी पायाची जखम, मग दवाखाना, मग कापलेला पाय, शेवटच्या आठवड्यातले ओरडणे. दादाने मला खुणेने पेन घ्यायला सांगितले. पुन्हा आमच्याकडे या, असे तो म्हणाला नाही. त्याच्या मुठीच्या न भरलेल्या जखमेतून पानावर रक्ताचा एक थेंब पडला. तो टिपून घेऊन, पणजोबाच्या सहीखाली, मी ते सगळे लिहीत गेले.